शिवलेली साडी
शिवलेली साडी : निऱ्या व पदर टाक्यांनी कायम केलेले, नेसण्याऐवजी अंगात घालावयाचे वस्त्र. मूळ साडी सलग व न शिवलेली असल्याने कोणत्याही बांध्याच्या स्त्रीस नेसता येते. शिवलेल्या साडीच्या निऱ्या अंगावर बेतून प्रथम कच्च्या धावदोऱ्याने धरतात. त्यांची ठेवण पाहून कंबरपट्टीत त्या पक्क्या शिवतात आणि बाजूस चेन बसवितात. ऑस्कर पारितोषिकविजेत्या वेशभूषाकार भानू अथैया (१९२९–२०२०, जन्म कोल्हापूर) यांनी ब्रह्मचारी (१९६८) या हिंदी चित्रपटातील नृत्यासाठी मुमताज यांची नारिंगी साडी या पद्धतीने सिद्ध केली. त्यामुळे निऱ्या न सुटता जलद नृत्य शक्य झाले. मात्र असे वस्त्र एकाच मापाचे होत असल्याने साडीची मूळ सर्वसोयीस्करता त्यात उरत नाही.