संशय हाच पुरेसा आधार : किशोरवयीन खेळाडूंच्या मेंदूला बसणारा हादरा आणि वॉशिंग्टन राज्याचा कायदा

प्रस्तावना

खेळामुळे शरीर कणखर होते, मनाला शिस्त लागते आणि पराभव पचविण्याची सवय जडते, असे शारीरिक शिक्षणाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते व ते योग्यच आहे. या विचाराची दुसरी बाजू मात्र क्वचितच तपासली जाते. वेदना सोसून खेळत राहणे हा गुण मानला गेला, की दुखापत लपविणे हाही हळूहळू गुणच ठरू लागतो. मुरगळलेल्या घोट्याच्या बाबतीत या वृत्तीची किंमत बहुधा काही आठवड्यांच्या विश्रांतीत चुकती होते. मेंदूच्या बाबतीत ती आयुष्यभर मोजावी लागू शकते.

खेळताना डोक्याला किंवा शरीराला बसलेल्या धक्क्याने मेंदूच्या कार्यात जो तात्पुरता बिघाड होतो, त्याला वैद्यकात ‘कन्कशन’ म्हणतात. क्रिकेटच्या वृत्तांतांमुळे ही संज्ञा मराठी वाचकांनाही परिचित झाली आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘मेंदूचा हादरा’ किंवा नुसता ‘हादरा’ हा शब्द वापरला आहे. या दुखापतीचे स्वरूप काय, किशोरवयात ती अधिक धोक्याची का आणि खेळाडूला मैदानाबाहेर बसविण्याचा निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नांचा येथे विचार केला आहे. त्यासाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ साली केलेला कायदा हे मुख्य उदाहरण घेतले आहे.

दुखापतीचे स्वरूप

प्रौढ माणसाचा सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू कवटीच्या आत मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगत असतो. डोके वेगाने हलून एकाएकी थांबले किंवा गर्रकन फिरले, की मेंदू कवटीच्या गतीने हलत नाही. तो मागे राहतो, पिळला जातो आणि त्यातील चेतापेशींचे लांब अक्षतंतू ताणले जातात. त्यामुळे हादरा बसण्यासाठी डोक्यावरच आघात व्हावा लागतो असे नाही. छातीवर किंवा खांद्यावर बसलेल्या धडकेने मानेला जोराचा हिसका बसला, तरी तेवढे पुरते.

ताणल्या गेलेल्या चेतापेशींमधून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन अनियंत्रितपणे स्रवते. हे असंतुलन सावरण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा लागते, परंतु याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. क्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा या संशोधकांनी २००१ साली या घटनाक्रमाची सुसंगत मांडणी केली. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा या ऊर्जासंकटात मेंदू काही दिवस असुरक्षित राहतो.

या विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की बिघाड प्रामुख्याने कार्याचा असल्यामुळे सी.टी. स्कॅन किंवा नेहमीच्या एम.आर.आय. तपासणीत तो बहुधा दिसत नाही. या तपासण्या रक्तस्राव अथवा अस्थिभंग नाही ना, हे पाहण्यासाठी असतात. अहवाल निर्दोष आला म्हणून हादरा बसलाच नाही, असे म्हणता येत नाही. दुसरी अशी, की शुद्ध हरपणे हे या दुखापतीचे आवश्यक लक्षण नाही. बहुसंख्य खेळाडू शुद्धीवरच असतात. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, अंधूक दिसणे, प्रकाश व आवाज असह्य होणे, गोंधळलेपण, नुकत्याच घडलेल्या गोष्टी न आठवणे, चिडचिड, झोपेतील बिघाड ही त्याची नेहमीची लक्षणे होत. ती काही वेळा तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशीही प्रकट होतात.

लक्षणे अशी उशिरा कशी दिसतात, याचे सर्वज्ञात उदाहरण ऑगस्ट २०१९ मधील लॉर्ड्स कसोटीचे आहे. जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेजवळ लागून स्टीव्ह स्मिथ कोसळला. मैदानावरील चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला व पुन्हा फलंदाजीस उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला डोकेदुखी व सुस्ती जाणवू लागली आणि त्याला सामन्यातून माघार घ्यावी लागली. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधील असा पहिला बदली खेळाडू ठरला. तज्ज्ञ वैद्यकीय पथक हाताशी असताना हे घडले. शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर अंदाज चुकण्याची शक्यता किती अधिक असेल, हे सांगावयास नको.

दुसऱ्या आघाताचा धोका

पहिल्या हादऱ्यातून बहुतेक खेळाडू पूर्ण बरे होतात. प्रौढांना त्यासाठी साधारणतः १० ते १४ दिवस लागतात, तर मुलांना व किशोरांना चार आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो. खरा धोका मेंदू सावरण्यापूर्वी बसणाऱ्या दुसऱ्या आघातात असतो. असा आघात किरकोळ असला, तरी क्वचित प्रसंगी मेंदूच्या रक्तप्रवाहावरील नियंत्रण सुटते, मेंदूला झपाट्याने सूज येते आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. साँडर्स व हार्बॉ यांनी १९८४ साली अशा मृत्यूचे वर्णन केल्यानंतर त्याला ‘द्वितीय आघात लक्षणसमूह’ हे नाव रूढ झाले. अशी सूज एकाच आघातानेही येऊ शकते, असे मत काही तज्ज्ञ मांडतात. तथापि नोंदविलेले रुग्ण प्रामुख्याने किशोर व तरुण आहेत, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

उत्तर आयर्लंडमधील बेन रॉबिन्सन हा १४ वर्षांचा विद्यार्थी जानेवारी २०११ मध्ये शालेय रग्बी सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला आणि मरण पावला. २०१३ सालच्या मृत्यूचौकशीत द्वितीय आघात हे कारण नोंदविले गेले. कॅनडातील रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची रग्बीपटू मे २०१३ मध्ये अशाच प्रकारे दगावली. तिच्या नावाचा कायदा ऑन्टॅरिओ प्रांताने २०१८ साली संमत केला.

मृत्यू दुर्मीळ असले, तरी खेळत राहण्याची किंमत इतरांनाही मोजावी लागते. २०१६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हादरा बसताच बाहेर बसविलेले आणि खेळत राहिलेले किशोर खेळाडू यांची तुलना करण्यात आली. पहिल्या गटाला बरे होण्यास सरासरी २२ दिवस लागले, तर दुसऱ्या गटाला ४४ दिवस. जो खेळाडू संघासाठी उरलेला अर्धा तास खेळतो, तोच पुढे संघाला अधिक काळ मुकतो.

लपविलेली दुखापत

असे असूनही खेळाडू दुखापत सांगत नाहीत. मायकेल मॅक्क्रिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलवॉकी परिसरातील माध्यमिक शाळांच्या १५३२ अमेरिकन फुटबॉलपटूंची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या हंगामात हादरा बसल्याचे ज्यांनी मागाहून मान्य केले, त्यांपैकी निम्म्याहून कमी, म्हणजे ४७.३ टक्के खेळाडूंनी त्या वेळी कोणाला तरी ते सांगितले होते. न सांगणाऱ्यांपैकी ६६.४ टक्क्यांना दुखापत तेवढी गंभीर वाटली नव्हती, ४१ टक्क्यांना बाहेर बसावयाचे नव्हते आणि ३६.१ टक्क्यांना आपल्याला हादरा बसला आहे, हेच उमगले नव्हते.

येथेच समस्येचे मर्म आहे. ज्या अवयवाने स्वतःच्या प्रकृतीचा निर्णय करावयाचा, तोच दुखावलेला असतो. ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचे उत्तर अप्रामाणिक नसेलही, परंतु ते विश्वासार्ह नसते. प्रशिक्षकाचे लक्ष गुणफलकाकडे, पालकांचे निवडीकडे आणि सहकाऱ्यांचे विजयाकडे असते. सामन्याच्या भरात तटस्थ निर्णय घेऊ शकेल असा माणूस मैदानावर बहुधा नसतो. म्हणून तो निर्णय सामन्यापूर्वीच, नियमाच्या स्वरूपात, घेऊन ठेवावा लागतो.

वॉशिंग्टन राज्याचा कायदा

ऑक्टोबर २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लायस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा शालेय अमेरिकन फुटबॉल सामन्यात प्रतिस्पर्ध्याला रोखताना पडला आणि त्याचे डोके जमिनीवर आदळले. हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून निराळा असून त्यात शिरस्त्राण घातलेले खेळाडू अंगाच्या धडकेने एकमेकांना अडवितात. थोडा वेळ बाहेर बसून झॅकरी उत्तरार्धात पुन्हा खेळला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला, परंतु बोलणे, चालणे या साध्या क्रिया त्याला वर्षानुवर्षांच्या प्रयत्नांनी नव्याने शिकाव्या लागल्या. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी १४ मे २००९ रोजी स्वाक्षरी केली.

या कायद्यात तीन मुख्य तरतुदी आहेत. पहिली, दरवर्षी हंगामापूर्वी खेळाडू व पालक यांनी या दुखापतीविषयीचे माहितीपत्रक वाचून त्यावर स्वाक्षरी करावयाची. दुसरी, हादऱ्याचा संशय येताच खेळाडूला त्याच वेळी खेळातून बाहेर काढावयाचे. तिसरी, या दुखापतीच्या उपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी संमतीखेरीज त्याला परत खेळू द्यावयाचे नाही.

यांतील दुसरी तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे. तीत निदानाची अट नाही. प्रशिक्षकाने वैद्य होण्याची अपेक्षा नाही, हादरा बसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही कोणावर नाही. संशय हाच पुरेसा आधार मानला आहे. प्रशिक्षकाच्या दृष्टीनेही ही तरतूद उपकारक आहे. खेळाडूला बाहेर बसविताना त्याला स्वतःच्या धैर्याची परीक्षा द्यावी लागत नाही, नियमाकडे बोट दाखविता येते. २०१४ सालापर्यंत अमेरिकेतील सर्व ५० राज्यांनी या विषयावर कायदे केले.

या कायद्यांचा परिणाम काय झाला? २००५ ते २०१६ या काळातील माध्यमिक शालेय खेळाडूंच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात, कायद्यांनंतर नोंदविलेल्या हादऱ्यांची संख्या प्रथम वाढलेली आढळली. जाणीव व नोंद वाढल्याचे ते लक्षण मानता येते. पुन्हा बसणाऱ्या हादऱ्यांचे प्रमाण मात्र कायदा लागू झाल्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी लक्षणीयरीत्या घटले. ज्या दुसऱ्या आघातासाठी हा कायदा होता, त्याच ठिकाणी त्याचा उपयोग दिसून आला.

परतीच्या पायऱ्या

खेळाडूने परत केव्हा यावे, याविषयीचे ज्ञान २००१ सालच्या व्हिएन्ना परिषदेपासून आंतरराष्ट्रीय सहमतीने विकसित होत आले आहे. यांतील सहावी परिषद २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे झाली. पूर्वी लक्षणे संपेपर्यंत अंधाऱ्या खोलीत संपूर्ण विश्रांती सांगितली जात असे. आता तो सल्ला मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी, या काळात पडद्याचा वापर कमी ठेवावा आणि त्यानंतर चालण्यासारखा हलका व्यायाम सुरू करावा, असे आता सुचविले जाते. पुढे सहा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस देऊन, खेळाकडे परतावयाचे असते. धडकेचा धोका असलेल्या सरावापूर्वी लक्षणे पूर्णपणे थांबलेली असणे आणि वैद्यकीय अनुमती मिळालेली असणे आवश्यक असते. ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी २०२३ साली जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान २१ दिवस स्पर्धेत उतरता येत नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की खेळाबरोबर अध्ययनाकडेही टप्प्याटप्प्याने परतावयाचे असते. वाचताना डोके दुखणे, एकाग्रता न होणे, उत्तर सुचण्यास विलंब लागणे या तक्रारी वर्गातच प्रथम दिसतात आणि त्या सहज आळसात जमा केल्या जातात.

कायद्याच्या मर्यादा

हे कायदे आघातानंतरचा मार्ग दाखवितात. आघातांची संख्या कमी करणे हे त्यांचे कार्य नव्हे. शिरस्त्राणही येथे अपुरे पडते. ते कवटीचा अस्थिभंग टाळते, परंतु कवटीच्या आत मेंदूचे पिळले जाणे थांबवू शकत नाही. वर्षानुवर्षे बसणाऱ्या, लक्षणे न दाखविणाऱ्या आघातांचाही संबंध दीर्घकालीन मस्तिष्कविकृतीशी जोडला जातो. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांमध्ये वर्णिलेली ही विकृती बेनेट ओमालू यांनी २००५ साली अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत दाखवून दिली. बोस्टन विद्यापीठाच्या २०२३ सालच्या अभ्यासात, तिशीपूर्वी मृत्यू पावलेल्या व धडकेचे खेळ खेळलेल्या १५२ दात्यांपैकी ६३ जणांच्या मेंदूत ती आढळली. मेंदूदान बहुधा लक्षणे असलेल्यांच्या कुटुंबीयांकडून होत असल्याने हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करणे चुकीचे ठरेल. तथापि खबरदारीसाठी ते पुरेसे आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई केली, कॅनडाने २०१३ साली ११-१२ वर्षांच्या गटात बर्फावरील हॉकीतील अंगधडक बंद केली, ती याच दिशेने टाकलेली पावले होत.

समारोप

कबड्डीतील पकड, कुस्तीतील पाडाव, फुटबॉलमधील उडी किंवा क्रिकेटमधील उसळता चेंडू, यांपैकी कशानेही मेंदू हादरला, तरी चेतापेशींत घडणारी प्रक्रिया तीच असते. त्यामुळे वॉशिंग्टनमधील अनुभव आपल्या महाविद्यालयांच्या मैदानांनाही लागू पडतो. त्यातील तत्त्व अंगीकारण्यासाठी कायद्याची किंवा महागड्या यंत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही. हंगामापूर्वी खेळाडू व पालकांना लेखी माहिती द्यावी, संशय येताच खेळाडूला त्या दिवसापुरते तरी बाहेर बसवावे आणि वैद्यकीय संमतीपत्राशिवाय परत घेऊ नये, हे तीन नियम क्रीडा विभागास स्वतःच्या अधिकारात करता येतील. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी, मानदुखी, हातापायांतील अशक्तपणा यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे, ही सूचना प्रत्येक संघव्यवस्थापकाजवळ लेखी असावी.

बाहेर बसविलेल्या खेळाडूंपैकी काहींना प्रत्यक्षात हादरा बसलेला नव्हता, असे पुढे निष्पन्न होईल. एखादा सामना त्यामुळे हातचा जाईल. नियम करताना ही किंमत मान्य करावी लागते, कारण उलट बाजूच्या चुकीची किंमत विद्यार्थी आपल्या मेंदूने मोजतो आणि ती परत करण्याचे साधन कोणत्याही संस्थेकडे नाही.