पाय दाखव

"चेहरा नको, पाय दाखव," मी म्हणाले.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग मागाची दोरी, मग जांभळ्या रेशमाचा ताणा आणि शेवटी नुसता अंधार. पैठणीचा हा माग खड्ड्याचा. विणणारी काठावर बसते आणि पाय खाली सोडते. मे २०२० मध्ये येवल्यात पैठणीला गिऱ्हाईक नव्हतं; पण मागावर चढवलेला ताणा किती दिवस तसाच ठेवणार, म्हणून ती रोज थोडं थोडं विणायची. आठवा महिना चालू होता. चेहरा हसरा, पाय खड्ड्यात.

"पाय चांगलेत, मॅडम."

"वर काढ. नडगीवर अंगठा दाबून धर. मनात दहा मोज. आता सोड. काय झालं?"

चित्र अडकलं होतं. आवाज तेवढा आला. "खड्डा पडतोय."

गरोदरपणात पाय सुजतातच, असं घरातली प्रत्येक मोठी बाई सांगते आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सुजेच्या जोडीला बीपी १४०/९० च्या वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, तर पुढची पायरी झटक्यांची. म्हणजे मला एक आकडा हवा होता. तो काही व्हिडिओत दिसत नाही. मी फोन ठेवला आणि त्या गल्लीच्या आशा स्वयंसेविकेला, आमच्या आशाताईंना, लावला.

टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या वहीत शंभरावर गरोदर बायका होत्या. येवला म्हणजे चौफुलीचं गाव. एक रस्ता नाशिकला, एक वैजापूरमार्गे तेव्हाच्या औरंगाबादला, एक मनमाडला, एक कोपरगावला. एरवी ही सोय. पण कोपरगाव नगर जिल्ह्यात आणि वैजापूर औरंगाबाद जिल्ह्यात, आणि बंद झाल्या त्या जिल्ह्यांच्याच हद्दी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेल्या मुली ई-पासासाठी अडकल्या. उत्तरेला मालेगावात रुग्ण झपाट्याने वाढत होते. राजापूर-ममदापूरकडच्या वस्त्यांवरून येणाऱ्या बायकांना वाहन मिळेना, आणि ज्यांना मिळे त्यांना दवाखान्याची पायरी चढायची भीती वाटे.

फोनवर औषध सांगायला मीही घाबरत होते, त्यालाही कारण होतं. जुलै २०१८ मध्ये, रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. रुग्णाला समोर न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याचा तो मुद्दा होता. तेव्हापासून "फोनवर नाही सांगत, या" हे आमचं ठरलेलं वाक्य. ते बदलावं लागलं २५ मार्च २०२० ला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. त्या दिवशी टेलिमेडिसिनची केंद्रीय नियमावली आली. कोणती औषधं नुसत्या फोनवर चालतील, कोणत्यांसाठी पहिल्या वेळी व्हिडिओ लागेल, कोणती अजिबात द्यायची नाहीत, हे तिने ठरवून दिलं. रुग्णाजवळ बसलेल्या आरोग्यसेविकेमार्फत सल्ला देण्याचीही सोय तिच्यात होती. ती ओळ मी तेव्हा भराभर वाचून सोडून दिली होती. एप्रिलमध्ये सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. टोकन घ्यायचं आणि रांगेत थांबायचं. पण माझ्या बायकांना ओळखीचा आवाज हवा होता.

दुपारी चार ते सहा अशी फोनची ओपीडी ठरली. आधी वहीचे दोन भाग केले. बारा आठवड्यांची आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतरची तपासणी, यांसाठी प्रत्यक्ष यायचंच. त्यातही विसाव्या आठवड्याआधीची सोनोग्राफी पुढे ढकलणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा गर्भपाताची कायदेशीर मर्यादा वीस आठवड्यांचीच होती. बाकी सगळं फोनवर: उलट्या, जळजळ, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम न घेता वेगवेगळ्या वेळी घेणं, आणि रोज विचारायचा तो प्रश्न, बाळ फिरतंय का?

"फिरतंय" या उत्तरावर माझं समाधान होत नसे. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाची हालचाल मोजायची. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. अंदरसूलकडची एक जण तुरीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायची. मागवालीने कांड्या घेतल्या होत्या. दर हालचालीला बाण्याची एक कांडी टोपलीतून बाहेर.

फोन बहुधा नवऱ्याचा असायचा आणि तो स्पीकरवर असायचा. अंगावरून जाणं, लघवीची जळजळ, घरातली मारहाण, यातलं काही सासूसमोर बोललं जात नाही. मग मी प्रश्नच असे करायला लागले की उत्तर "हो" किंवा "नाही" यात संपेल. ऐकणाऱ्याला वाटायचं, गोळ्यांबद्दलच चाललंय.

एक चूक माझीच. एकीच्या तपासणी कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. घडीच्या रेषेवर हिमोग्लोबिन लिहिलेलं. मी ९.२ वाचलं, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. आठ दिवसांनी आशाताई तिच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, सात पॉइंट दोन आहे. बाईला धाप लागतेय." तिला बोलावून शिरेतून लोह द्यावं लागलं. त्या दिवसापासून नियम केला. फोटो पाठवा, पण आकडा तोंडानेही सांगा.

असे बरेच नियम आशाताईंबरोबर काम करता करता तयार झाले. बीपीची तीन डिजिटल यंत्रं मी त्यांच्याकडे ठेवायला दिली होती. पट्टा बाहीवर बांधायचा नाही. बाईला आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्यायचं. यंत्र भलताच आकडा दाखवायला लागलं तर आधी सेल बदलायचे. लघवीच्या पट्टीचा फोटो पिवळ्या बल्बखाली काढायचा नाही, कारण प्रथिनं असली की पट्टी पिवळ्याची हिरवी होते आणि त्या उजेडात हिरवी पट्टीही पिवळीच दिसते. अंगणात जा, डबीवरच्या रंगांशेजारी धरा, मग काढा.

त्या दिवशी मागवालीच्या घरून थोड्या वेळाने आशाताईंचा फोन आला. "वरचा एकशे बावन्न, खालचा शंभर. पंधरा मिनिटांनी परत घेतला, तेवढाच. पट्टी डबीवरच्या दोन प्लसला जुळतेय. डोकं दुखतंय म्हणते, पण तुम्हाला सांगू नका म्हणाली."

हे शेवटचं वाक्य कुठल्याच यंत्रात उमटलं नसतं. एकशे आठची गाडी बोलावली, तिला भरती केलं. छत्तिसाव्या आठवड्यात बाळंतपण झालं, मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम. ताण्यावरची पैठणी जावेने पुरी केली.

त्या वर्षी बरेच जण मला म्हणाले, बघा, तंत्रज्ञानाने केवढी सोय केली. मीही मान डोलवायचे. जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. चार ते सहाची ओपीडी नेहमीसारखी सुरू राहिली. नेटवर्क होतं, व्हिडिओ होता, बायकांचे फोन येत होते.

"बीपी किती?"

"आशाताई आल्याच नाहीत, मॅडम."

"पाय सुजलेत?"

"असतील थोडे."

संपाच्या त्या दिवसांत माझ्या वहीत बायकांची नावं आहेत, तारखा आहेत, बीपीचा रकाना कोरा आहे. ज्या तिघी-चौघींबद्दल मनात शंका होती त्यांना मी सरळ दवाखान्यात बोलावलं, नाही तर संध्याकाळी स्वतः यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन दिवसांत माझे पाय दुखायला लागले. सल्ल्याची फी फोनवरून माझ्या खात्यात जमा व्हायची. आशाताईंनी उन्हातून केलेल्या चालीचे पैसे कुणाच्या खात्यात पडतात, हे तोवर मी कुणाला विचारलं नव्हतं.