सिंगापूर–न्यू यॉर्क विमानमार्ग

सिंगापूर–न्यू यॉर्क विमानमार्ग हा सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांना जोडणारा थेट हवाई मार्ग आहे. या दोन विमानतळांमधील किमान अंतर सुमारे १५,३४९ कि.मी. असून वेळापत्रकानुसार प्रवासास साधारणतः साडेअठरा ते एकोणीस तास लागतात. २०२० मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ही सेवा सुरू केली, तेव्हा ती जगातील सर्वांत लांब पल्ल्याची नियमित प्रवासी सेवा ठरली.

अंतराची गणना

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. न्यू यॉर्क सुमारे ७४° पश्चिम, तर सिंगापूर सुमारे १०४° पूर्व रेखावृत्तावर आहे. दोहोंमधील फरक जवळजवळ १८०° असल्याने हा मार्ग उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. सपाट नकाशावर मात्र ही गोष्ट ध्यानात येत नाही. न्यू यॉर्कचे अक्षांश सुमारे ४०.६° उत्तर व सिंगापूरचे १.४° उत्तर आहेत. म्हणून ध्रुवापर्यंतचे अंतर अनुक्रमे ४९.४° व ८८.६°, म्हणजे एकूण १३८° होते. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ कि.मी. हे लक्षात घेता एकूण अंतर सुमारे १५,३४६ कि.मी. येते.

प्रत्यक्ष मार्ग

विमाने नेहमी याच रेषेवरून जात नाहीत. मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा पॅसिफिक महासागरावरून जाऊन त्यांचा लाभ घेते. अंतर वाढले, तरी पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यामुळे वेळ व इंधन वाचते. त्यामुळे रोजचा मार्ग वाऱ्याच्या अंदाजानुसार आखला जातो.

इतिहास आणि विमाने

२००४ मध्ये याच कंपनीने सिंगापूर ते न्यू यॉर्कनजीकच्या न्यूअर्कपर्यंत चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानांनी थेट सेवा सुरू केली. लांबच्या प्रवासात इंधन वाहून नेण्यासाठीच बरेचसे इंधन खर्च होते. इंधनाचे दर वाढल्यावर ही सेवा परवडेनाशी झाली व २०१३ मध्ये बंद पडली. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर विमानांनी ती पुन्हा सुरू झाली. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. वजन मर्यादित राहावे म्हणून त्यात केवळ १६१ आसने आहेत आणि सर्वांत स्वस्त, म्हणजे इकॉनॉमी श्रेणी नाही. विमानात चार वैमानिक असतात व ते आळीपाळीने विश्रांती घेतात.

स्थानिक वेळ

न्यू यॉर्कची वेळ सिंगापूरच्या मागे असते. हा फरक हिवाळ्यात १३ तास व उन्हाळ्यात १२ तासांचा असतो. उन्हाळ्यात सिंगापूरहून दुपारी १२ वाजता निघालेले विमान साडेअठरा तासांनी पोहोचले, तर न्यू यॉर्कमध्ये त्याच दिवशीच्या सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सिंगापुरात मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते. म्हणून केवळ तिकिटावरील निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा कालावधी काढता येत नाही.