चिकातला मका

मनमाडकडून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या आगगाडीतून पावसाळ्याच्या अखेरीस लासूर स्टेशनाच्या आसपास नजर टाकली, तर मक्याचे हिरवेगार पट्टे दिसतात. त्यांतल्याच एका पट्ट्यावरून गेल्या साली आमच्या घरात महाभारत झाले. कणसांत दाणा भरत असतानाच मी उभे पीक कापायला निघालो होतो!

"लेकुरवाळं पीक कापतोस? महिनाभर थांब, दाणा बाजारात जाईल," आई कळवळून म्हणाली.

तिचे काही चुकत नव्हते. पण आदल्या साली मी थांबलो होतो. दाणा विकला आणि वाळलेल्या ताटांची कुट्टी खड्ड्यात भरली. कोरडी कुट्टी दबली नाही, आत हवा राहिली. खड्डा उघडताच बुरशीचा भपकारा आला. सारा माल उकिरड्यावर गेला आणि वैशाखात विकतच्या कडब्याने दाण्याचे पैसे गिळले.

मुरघासाचे गुपित वेळेत आहे. दाणा चिकात असताना ताटात १०० भागांत ६५ ते ७० भाग पाणी असते. तेव्हाच कापावे, बोटाच्या पेराएवढी कुट्टी करावी, थराथराने तुडवून हवा काढावी आणि वरून प्लास्टिकचा कागद घट्ट झाकावा. मग दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद पिकातल्या साखरेचे आम्ल करतात आणि चारा लोणच्यासारखा मुरतो. दीड महिना धीर धरला की झाले. फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार यांनी १८७७ साली मक्याच्या मुरघासावर पुस्तकच लिहिले. चारा टिकवण्याच्या पद्धतीबद्दल फिनलंडच्या व्हिर्तानेन यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिकडे ही बेगमी बर्फाच्या दिवसांची, आमच्याकडे चैत्र-वैशाखाची.

हिशेबही सोपा आहे. एका घनफुटात सुमारे १५ किलो मुरघास मावतो आणि दुभत्या गाईला रोज १५ ते २० किलो लागतो. आमचा खड्डा १० फूट लांब, ५ फूट रुंद, ५ फूट खोल. म्हणजे दोन गाईंची जवळजवळ १०० दिवसांची सोय!

आईचा रुसवा अंगावर घेऊन मी विळा चालवला. पाडवा झाल्यावर खड्डा उघडला. आंबूसगोड वास, पिवळसर हिरवा रंग. गाईने एकदा हुंगले आणि मान वर न करता टोपले रिकामे केले. आई काही बोलली नाही; टोपले पुन्हा भरून मात्र तिनेच आणले.

यंदा भाद्रपदात मी ओट्यावर बसलो होतो. आई शेतातून एक कणीस घेऊन आली. तिने दाण्यात नख रोवले.

"चिकात आलाय रे मका," ती म्हणाली. "विळ्याला धार लावलीस का?"