घरकुलाच्या यादीत ‘नाव आलं’ म्हणजे काय?



काही वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर माझ्या हातून चूक झाली, तिथूनच सुरुवात करते. ग्रामपंचायतीत घरकुलांची यादी लागली होती. एका मावशींचे नाव तीत दिसले आणि मी आनंदाने त्यांच्या दारात जाऊन सांगितले, “मावशी, नाव आलं तुमचं!” मे महिना होता. पावसाआधी जोते व्हावे म्हणून त्यांच्या मुलाने आठ दिवसांत जुने घर उतरवले. कारवीचा कूड मोडला, कौले बाजूला रचून ठेवली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ते नाव प्रतीक्षा यादीतले होते, त्या वर्षीच्या मंजुरीत ते नव्हतेच. पाच माणसांनी तो पावसाळा मेणकापडाखाली काढला. पेठचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी गेले की चहा ठेवायच्या, तेच जास्त लागायचे.

धर्मशास्त्राच्या पदविकेत ‘कृपा’ आणि ‘नीतिमान ठरणे’ यांतला फरक शिकले होते. ‘प्रतीक्षा यादी’ आणि ‘उद्दिष्ट’ यांतला फरक मला त्या मेणकापडाने शिकवला.

पाड्यावर ‘नाव आलं’ हे तीन वेगळ्या गोष्टींसाठी म्हणतात. पहिली गोष्ट म्हणजे सर्वेक्षणात नाव. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली इंदिरा आवास योजनेच्या जागी आली, तेव्हा 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणावरून लाभार्थी ठरवले गेले. तीच आपल्याकडची ‘ब यादी’. त्यात सुटलेल्यांसाठी पुढे आवास प्लस सर्वेक्षण झाले, ते ‘प्रपत्र ड’. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रामसभेत तपासून झालेली प्राधान्यक्रमाची यादी. माझ्या मावशी इथे होत्या. तिसरी म्हणजे उद्दिष्ट, त्या वर्षी गावाला किती घरे द्यायची तो आकडा. यादी शंभराची आणि उद्दिष्ट बाराचे असेल, तर तेराव्या माणसाने घराला हात लावायचा नाही. उद्दिष्टात बसल्यावर मंजुरी आदेश निघतो. त्यावर लाभार्थ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. हा कागद आपल्या हातात येऊन पहिला हप्ता खात्यात पडल्याशिवाय जुने छप्पर उतरवू नका, आणि कुणाला उतरवू देऊ नका.

‘अपात्र’ या शब्दाचीही धास्ती असते. मोटारसायकल आहे म्हणून नाव कापले, असे अजून ऐकू येते. ती अट आता उरलेली नाही. 2024 नंतरच्या टप्प्यात दुचाकी, फ्रीज आणि टेलिफोन या अटी काढल्या आहेत, आणि कुटुंबातल्या एखाद्याच्या कमाईची मर्यादा महिना 15 हजारांपर्यंत वाढवली आहे.

पैशाचे थोडक्यात सांगते. केंद्राच्या योजनेचा मूळ दर सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम ठरवलेल्या भागात 1 लाख 30 हजार रुपये. घर स्वयंपाकाच्या जागेसकट किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. रक्कम एकदम मिळत नाही. जोते, भिंती, छप्पर अशा टप्प्यांवर मोबाइलमधून जागेसकट फोटो घेतात, त्याला ‘जिओ टॅगिंग’ म्हणतात, आणि मग पुढचा हप्ता सुटतो. ‘कृतिसंगम’ हा शब्द दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की याच घरासाठी दुसऱ्या योजनांचे पैसेही मिळतात. रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार त्यातच येतात. ही मजुरी बऱ्याच घरांची बुडते, कारण जॉबकार्ड नसते किंवा हजेरीपट भरलेलाच नसतो. स्वतःच्या घरावर राबताना हजेरी कसली, असे माणसांना वाटते.

पण खरे अडते ते ‘जागा’ या शब्दावर. आजोबांपासून त्याच जागी राहत आलो, हे कार्यालयाला पुरत नाही. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मागतात, आणि पाड्यांवरची कितीतरी घरे गावठाणाबाहेर, वनजमिनीत किंवा भावकीच्या सातबाऱ्यावर उभी असतात. वनजमिनीवर राहणाऱ्यांनी 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार घ्यावा. त्यात कसण्याच्या जमिनीसोबत राहण्याच्या जागेचाही हक्क आहे, आणि पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी सुरुवातीला 50 हजारांपर्यंत मदत मिळे, ती मर्यादा नंतर वाढवली. घरकुल मंजूर असूनही जागेअभावी थांबलेले कुटुंब दिसले, तर पंचायत समितीत या योजनेचे नाव घेऊनच विचारा. नुसते ‘जागा नाही’ म्हटले की फाइल बंद होते.

अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना वेगळी आहे. प्रधानमंत्री योजनेच्या यादीत नाव नसलेल्यांनी तिथे अर्ज करावा. त्यासाठी जमातीचा व उत्पन्नाचा दाखला लागतो. आपल्या जिल्ह्यात चौकशी नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात होते. कातकरी कुटुंबांना नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून घरासाठी 2 लाख रुपये आहेत, आणि त्यांचे सर्वेक्षण वेगळे झाले.

उपासनेनंतर मला हळूच विचारला जाणारा एक प्रश्न: “ताई, आम्ही येशूला मानतो, तर दाखला जाईल का?” नाही जाणार. अनुसूचित जमातींच्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशात धर्माची अट नाही. कोकणा हा कोकणाच राहतो, वारली वारलीच. कागदावर धर्म लपवायचे कारण नाही.

भाड्यासाठी मदत मात्र गावाकडे जवळजवळ नाहीच. शहरी मजुरांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना 2020 मध्ये आली, पण नाशिकच्या मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांपैकी मला भेटलेल्या कुणी तिचे नावही ऐकलेले नव्हते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम’ योजनेतून जेवण आणि राहण्याचा भत्ता थेट खात्यात मिळतो. मुलांना ते जरूर सांगा.

दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ग्रामसेवकाला कळवून जावे. सर्वेक्षणाच्या दिवशी घराला कुलूप दिसले की ‘कायम स्थलांतरित’ असा शेरा बसतो, आणि तो खोडायला पुढची ग्रामसभा गाठावी लागते.

त्या मावशींनी दिवाळीला कूड पुन्हा उभा केला होता. तिसऱ्या वर्षी त्यांचा मंजुरी आदेश आला. तो त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “ताई, आता हे कुठलं नाव?” मी दोनदा वाचून सांगितले. तरीही पहिला हप्ता खात्यात दिसेपर्यंत त्यांनी मुलाला एकही कौल काढू दिले नाही.