तुर्फानची दोन घड्याळं

पहाटेचे साडेपाच. सरकारी घड्याळात मात्र साडेसात. अख्ख्या चीनला बीजिंगची एकच वेळ लागू आहे. पण तुर्फान ज्या शिनजियांगमध्ये आहे, तिथले उइघुर सूर्याला धरून दोन तास मागची वेळ पाळतात. कुणी वेळ सांगितली, की ‘कुठली?’ असं विचारावं लागतं. द्राक्षवाल्यांचं घड्याळ सूर्याचं. ऑगस्टअखेर तोडणी ऐन भरात असते आणि ऊन चढायच्या आत घड उतरवायचे असतात. वाण बिनबियांचा, आपल्या तासगावच्या थॉमसनच्या गोतातला.

आठ. चहा आणि नान. उइघुर भाषेतही तो ‘नान’च, आणि तंदूर म्हणजे ‘तोनुर’.

नऊ. बागेला पाणी. इथे वर्षाला जेमतेम १६ मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा एका सरीत पडून जातो. मग पाटात हे थंडगार पाणी येतं कुठून? उत्तरेला तिएनशानचं ५,४४५ मीटर उंच बोग्दा शिखर, आणि खोऱ्याच्या तळाशी आयदिंग सरोवर, समुद्रसपाटीच्याही १५४ मीटर खाली. डोंगरावरचं बर्फ वितळून पायथ्याच्या गोट्या-वाळूत मुरतं. तिथून गावापर्यंत माणसांनी जमिनीखालून बोगदा खणला, त्याला हलका उतार दिला आणि माती काढायला, हवा खेळायला ओळीने उभ्या विहिरी पाडल्या. हा ‘कारेझ’. पंप नाही, मोट नाही, उन्हाने वाफ होणं नाही. पाणी आपल्या पायाने बागेत येतं. पाण्याची इतकी शहाणी व्यवस्था मला दुसरी माहीत नाही.

बारा ते चार. पारा चाळिशीपार. पलीकडे ज्वालापर्वताचे तांबडे कडे तापलेले. काम बंद, माणसं मांडवाच्या सावलीत आडवी.

पाच. सकाळचे घड ‘चुंचे’त टांगायचे. कच्च्या विटांची ही खोली भिंतभर झरोक्यांची. कोरडा वारा आरपार जातो, ऊन आत येत नाही; म्हणून महिना-सव्वा महिन्याने उतरणारा बेदाणा हिरवा राहतो. ज्या वाऱ्याने ओठ फुटतात, तोच इथे बेदाणा करतो.

रात्री नऊ. अंगणातल्या बाजेवर जेवण. पाटाचा आवाज चालूच. पण सगळ्या गावांत नाही. बोअर वाढल्या, भूजल खाली गेलं आणि कितीतरी कारेझ आटले. जे वाहतात, त्यांचा गाळ आजही माणसांना आत उतरून काढावा लागतो.