गाडीवेड्यांच्या गप्पा आणि आपला संशोधन-प्रश्न

विषय हातात आहे, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? पीएचडीची तयारी करताना ही अडचण जवळजवळ सगळ्यांनाच येते. पुस्तकात उत्तर मिळतं ते 'चल', 'नियंत्रण', 'नमुना निवड' अशा शब्दांत. हे शब्द पाठ होतात, मुलाखतीत सांगताही येतात, पण आपल्या विषयाला लावायचे कसे हे काही उमगत नाही. म्हणून आज हे शब्द जरा बाजूला ठेवू आणि गाडीवेड्यांच्या गप्पांत जाऊन बसू.

गाडीचा नाद असलेली माणसं तीन गोष्टींवर तासन्‌तास बोलतात: टायर कोणते घ्यावेत, वळणावर गाडी कशी वागते आणि सेकंडहँड घ्यायची तर कोणती. त्यांचा अनुभव खोटा नसतो. पण तो कशाच्या तुलनेत आला, कुठल्या परिस्थितीत आला आणि कुणाचा अनुभव आपल्यापर्यंत पोचलाच नाही, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत की त्याच गप्पांतून संशोधन सुरू होतं.

१. कशाच्या तुलनेत?

"टायर बदलले आणि गाडीच बदलली!" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. समजा एकाकडे जुनी स्विफ्ट आहे, 165/80 आर14 टायरची. त्याने वरच्या मॉडेलला येतात तसे 185/65 आर15 टायर रिमसकट बसवले. आता ब्रेक चांगले लागतात, गाडी वळणावर डुलत नाही. श्रेय कुणाला? टायर 20 मिमी रुंद झाला. बाजूची भिंत 132 मिमीवरून 120 मिमीवर आली, म्हणजे ती कमी वाकते. रबर वेगळं आहे. झिजलेल्या नक्षीच्या जागी कोरी नक्षी आली. शिवाय त्याच दुकानात अलाइनमेंट झाली, बॅलन्सिंग झालं, आणि कित्येक महिन्यांनी चारही चाकांत योग्य हवा भरली गेली. सहा-सात गोष्टी एकदम बदलल्या आणि निष्कर्ष काढला एकाच गोष्टीबद्दल.

इथे न्याय्य तुलना 'जुना अरुंद विरुद्ध नवा रुंद' ही नाही, 'नवा अरुंद विरुद्ध नवा रुंद' ही आहे. तीसुद्धा त्याच गाडीवर, योग्य हवा भरून, त्याच रस्त्यावर.

मग वाटेल, ब्रेक मारून अंतर मोजलं की झालं. इथेही थांबा. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एका फेरीत तुम्ही ताशी 80 किमीवर ब्रेक मारलात आणि दुसऱ्या फेरीत 77 वर, तर नुसत्या या फरकाने अंतर सुमारे 7 टक्क्यांनी कमी होतं. दोन चांगल्या टायरमधला खरा फरकही कदाचित तेवढाच असेल. म्हणजे तुम्ही टायर मोजला की स्वतःचा पाय, हे सांगता येणार नाही. रस्ताही दिवसभर सारखा राहत नाही: तापतो, ओला होतो, वाळतो. म्हणून ओल्या रस्त्यावरच्या पकडीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एक ठरलेला संदर्भ टायर असतो आणि बाकीच्या टायरची पकड त्याच्या तुलनेत सांगतात.

आता तुमच्या विषयाकडे या. 'शाळेत डिजिटल फळा आला आणि निकाल सुधारला' या वाक्याची गत त्या स्विफ्टसारखीच आहे. फळ्याबरोबर नवे शिक्षक आले का, मुलं बदलली का, पेपर सोपा होता का? तुमचा संदर्भ टायर कोणता, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर दिसलं पाहिजे.

२. अनुभव कुठल्या परिस्थितीतला?

दुसरा किस्सा महत्त्वाचा आहे, कारण यात जीव गुंतलेला आहे. पैसे कमी आहेत, दोनच नवे टायर घ्यायचेत. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. नवे कुठे बसवाल? बरेच जण म्हणतील, पुढे. इंजिनची ताकद पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जास्त भारही पुढे. बसवून पाहिले तर गाडी खरोखर चपळ वाटते. वर्षभर काही होत नाही. अनुभव म्हणतो, निर्णय बरोबर.

पण टायर कंपन्या साधारणपणे उलट सांगतात: नवी जोडी मागे. कारण असं. टायरच्या नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर फेकणं. नवी नक्षी साधारण 7-8 मिमी खोल असते, कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिमी. जुलैतल्या घाटात, पाणी साचलेल्या वळणावर आधी पकड सोडतो तो झिजलेला टायर. तो पुढे असला तर गाडी वळायचं सोडून नाकाने सरळ सरकते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. घाबरून आपण ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं, पुढची पकड बहुधा परत येते. झिजलेला टायर मागे असेल तर गाडीची शेपटी निसटते, म्हणजे ओव्हरस्टिअर. तेव्हाही आपण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, पण आता वजन पुढे गेल्याने मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. एकाच सवयीने पहिल्या वेळी वाचवलं, दुसऱ्या वेळी घात केला.

वर्षभराचा अनुभव खोटा नव्हता. तो कोरड्या रस्त्यावरचा आणि बेताच्या वेगाचा होता, एवढंच. ज्या परिस्थितीत निर्णयाची परीक्षा होणार होती, ती त्या वर्षात आलीच नाही.

अशा ठिकाणी सिद्धांत कामाला येतो. हौशी लोक मागचा अँटी-रोल बार जाड करतात आणि 'गाडी आता छान वळते' म्हणतात. का वळते? टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. नुसतं समजण्यासाठी आकडे धरू. मागच्या दोन्ही टायरवर 300-300 किलो भार असताना प्रत्येकाची पकड 280, एकूण 560. वळणावर भार बाहेरच्यावर 450 आणि आतल्यावर 150 झाला, तर पकड समजा 390 आणि 150, एकूण 540. बार जितका कडक, तितकी त्या टोकाची भाराची अदलाबदल जास्त आणि एकूण पकड कमी. मागचा बार कडक केला की मागची पकड घटते, पुढच्या टायरवरचा ताण हलका होतो आणि गाडीचं नाक आत वळतं. पकड जादूने वाढलेली नाही, तिची वाटणी बदलली. हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: मागे झिजलेले टायर असताना, पावसात, हीच वाटणी काय करेल? आणि तो तपासायचा चाचणीच्या बंद मार्गावर, घाटात नव्हे.

३. कोण दिसतच नाही?

"जुन्या झेनसारखी गाडी आता होत नाही, वीस वर्षं झाली तरी पळते." मारुतीची झेन 1993 साली आली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या झेन म्हणजे टिकलेल्या झेन. ज्या बिघडल्या, गंजल्या, ठोकल्या, त्या केव्हाच भंगारात गेल्या. त्या मोजणीतच नाहीत. टिकलेल्यांकडे बघून सगळ्यांचा टिकाऊपणा सांगता येत नाही.

सेकंडहँड बाजारात तर गाड्या गळण्यामागे माणसाचा हिशेबही असतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली यावर एक निबंध लिहिला. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, अमेरिकेत मात्र खोट असलेल्या गाडीलाच लिंबू म्हणतात, आणि त्याच्या निबंधाचं नाव 'लिंबांचा बाजार' अशा अर्थाचं आहे. युक्तिवाद साधा आहे. चांगली गाडी 4 लाखांची, खराब 2 लाखांची, दोन्ही निम्म्या-निम्म्या. कोणती कशी हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा सरासरी धरून 3 लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, त्यापेक्षा मीच वापरतो. तो बाजारातून उठतो, खराब गाड्या उरतात, भाव आणखी पडतो. सर्व्हिसच्या नोंदी, वॉरंटी, ओळखीच्या मेकॅनिककडून तपासणी यांना पैसे का मोजतात, ते यावरून कळतं. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. 2001 साली ॲकरलॉफला आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुम्ही यशस्वी बचत गटांच्या मुलाखती घेऊन यशाची कारणं शोधणार असाल, तर बंद पडलेल्या गटांची यादी आधी मिळवा. तीच कारणं त्यांच्यातही सापडली तर?

आता गृहपाठ. 'रुंद टायर चांगला' हे वाक्य संशोधन-प्रश्न म्हणून असं लिहिता येईल: एकाच गाडीवर, सारख्याच मिश्रणाचे, नवे 165 आणि 185 मिमी रुंदीचे टायर लावून, ओल्या डांबरावर ताशी 80 किमीवरून थांबायला लागणाऱ्या अंतरात फरक पडतो का आणि किती? वाक्य लांबलं, रुक्षही झालं, पण याचं उत्तर मिळू शकतं. तुमच्या विषयातलं, सगळे बिनदिक्कत बोलतात असं एखादं वाक्य घ्या आणि याच पद्धतीने लिहून काढा. तुलना कशाशी, परिस्थिती कोणती, गळालं कोण, हे तिन्ही त्यात दिसेपर्यंत मार्गदर्शकांकडे जाऊ नका.